पत्रांबरोबर प्रवास करणाऱ्या बिया

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा पत्रव्यवहार हा प्रामुख्याने विद्वानांमधील शिष्टाचार होता, असे जे मत मांडले जाते, ते मला अपुरे वाटते. १७३८ नंतर त्याने स्वीडन सोडले नाही. त्यामुळे दूरदेशीच्या वनस्पती त्याच्यापर्यंत पोहोचत त्या पत्रे, बिया आणि वाळवलेले नमुने यांच्याच रूपाने. लंडनचा निसर्ग-अभ्यासक जॉन एलिस याने कीटक पकडणाऱ्या डायोनिया या वनस्पतीचे वर्णन त्याला पत्रानेच कळवले. समुद्रप्रवासात महिनोन्‌महिने काढूनही बियांची उगवणक्षमता टिकावी, म्हणून त्या मेणात ठेवण्याचे प्रयोगही याच एलिसने केले, आणि माझ्या मते देवघेवीची खरी अडचण शास्त्रीय मतभेदांपेक्षा या वाहतुकीतच होती.

या देवघेवीचे आपल्या ओळखीचे उदाहरण कढीपत्त्याचे आहे. त्याच्या शास्त्रीय नावातील 'कोएनिगी' हा शब्द योहान गेरहार्ड कोएनिग या लिनियसच्या शिष्याच्या नावावरून आला असून, हा कोएनिग १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. (फोडणी देताना हे कोणाच्या मनात येत असेल, असे नाही.) १७८५ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने आपली हस्तलिखिते लंडनचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याच्या नावे केली.