एक्झॉटिक कारला मराठीत काय म्हणावं? – अनवट, अभिजात की जातिवंत

भाच्याने परवा विचारलं, "मामा, एक्झॉटिक कारला आपल्यात काय म्हणायचं?" पोरगं गाडीवेडं, त्यामुळे काहीतरी सांगून वाटेला लावणं जमण्यासारखं नव्हतं. कोशात ‘विदेशी, परका’ असे अर्थ मिळतात. मंडईत ब्रोकोली-झुकिनीला ‘विदेशी भाजी’ म्हणतात, ते ठीक आहे. मोटारीला मात्र तो शब्द बसत नाही. फेरारी इटलीतल्या मारानेल्लोत तयार होते, आणि तिथला शौकीनसुद्धा तिला एक्झॉटिकच म्हणेल. म्हणजे इथे मुद्दा परदेशाचा नाही. मोजक्याच बनणारी, रस्त्यावर क्वचित दिसणारी आणि दिसली की पाय जागीच थांबवणारी गाडी, असा हा अर्थ आहे.

त्यासाठी मला ‘अनवट’ आवडतो. अनवट राग मैफलीत क्वचितच कानावर पडतो, आणि तो मांडायला गवईही तयारीचा लागतो. पगानी या इटालियन कंपनीची २०११ ची वायरा घ्या. अँडीजमधल्या केचुआ लोकांच्या वाऱ्याच्या देवावरून तिचं नाव ठेवलंय आणि पाठीमागे सहा लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन आहे. हिला अनवट नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

क्लासिकला ‘अभिजात’ आहेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला तो दर्जा मिळाल्यापासून घराघरात पोचलेला शब्द. मुळात अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. काळाच्या कसोटीवर टिकलेला, हा अर्थ त्यावर पुढे चढला. ‘विंटेज’ची गोष्ट वेगळी. ब्रिटिश शौकीन तो शब्द साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांपुरता राखून ठेवतात, तर आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज ठरते. त्यामुळे १९६१ ची जॅग्वार ई-टाइप तिकडे क्लासिक आणि इकडे विंटेज! दोन्हीकडे अभिजात म्हटलं की वाद मिटतो.

पण मला खरा शब्द सापडला तो साताऱ्याजवळ, महामार्गावरच्या एका हॉटेलासमोर. पिवळी लॅम्बोर्गिनी उराकान उभी होती. पोरं मोबाइल काढून समोर दाटली होती. एक फेटेवाले आजोबा मात्र सरळ मागे गेले, उकिडवे बसले, मागच्या चाकांची रुंदी न्याहाळली, मग बाजूला येऊन जमिनीपासून टपापर्यंत नजर फिरवली. हात कुठे लावला नाही. उठताना एवढंच म्हणाले, "जातिवंत हाय."

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार खोंड असाच पाहतात. शिंगांचा बाक, खुरं, कातडीची चमक आणि मागची मांडी. आजोबांना कदाचित ठाऊकही नसेल, पण उराकान हे झुंजीच्या बैलाचंच नाव आहे. १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली लॅम्बोर्गिनीचीच मिउरा तर स्पेनमधल्या झुंजीचे बैल पैदास करणाऱ्या घराण्याचं नाव घेऊन आली. बारा सिलिंडरांचं इंजिन आसनांच्या मागे, तेही आडवं बसवलेलं. आणि या कंपनीचा संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवायचा! आमच्या शिवारातल्या माणसाला ही गाडी परकी वाटावी तरी कशी?

म्हणून माझं मत असं: अभिजात ठरायला काळ जावा लागतो, जातिवंत मात्र खोंड असतानाच ओळखू येतो. मिउरा दोन्ही आहे. अलीकडची उराकान जातिवंत आहे. ती अभिजात होईल का, हे भाच्याची पिढी ठरवेल.

प्रतिसाद, मिरजेहून: ‘जातिवंत’ एकदम पटला. ‘अनवट’बद्दल थोडं सांगते. आमच्या आजीकडे अनवट म्हणजे पायाच्या अंगठ्यात घालायचा दागिना. मला दोन्ही अर्थ प्रिय आहेत, पण ‘अनवट गाडी’ म्हटल्यावर कळेल का, की दर वेळी समजावून सांगावं लागेल? आणि स्पोर्ट्स कारला ‘शर्यतीची गाडी’ म्हणू नये असं मला वाटतं. शर्यतीची गाडी शर्यतीतच पळते. स्पोर्ट्स कार घेऊन माणूस महाबळेश्वरलाही जातो.

मूळ लेखक: ताई, शर्यतीचं अगदी मान्य. स्पोर्ट्स कार तशीच ठेवू, ती आता आपलीच झाली आहे. अनवट दोन-चार वेळा वाक्यात आला की कळेल. रागांच्या बाबतीत कळतोच की. आता स्पायडरचं काय करायचं? बंद टपाची कूपे काय, उघडी स्पायडर काय, दोन्ही नावं मुळात घोडागाड्यांची. पैकी उघड्या स्पायडरला ‘बिनटपाची’ म्हणावं असं माझ्या मनात आहे. एसटीच्या टपावर सामान चढवलेल्या कुणालाही तो लगेच समजेल. सांगलीकडे याला आधीच काही शब्द वापरात आहे का?