रिदमसाठी सिंगल कॉइल की हमबकर? ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी बोला

सातरस्ता:
पुतण्या इथे सोलापुरातच ऑर्केस्ट्रात गिटारवर रिदम, म्हणजे गाण्यामागचे कॉर्ड, वाजवतो. पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. दुकानदार दोन हमबकर (पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, तो दोन कॉइलचा) आणि लॉकिंग ट्रेमोलोवाली (स्प्रिंगवर तरंगणारा, दांडीने सूर हलवणारा ब्रिज) गळ्यात मारतोय. माझं मत स्पष्ट आहे, टेलिकास्टर पद्धतीचीच, म्हणजे एका कॉइलच्या पिकअपची घ्यावी. कीबोर्ड, बेस, ऑक्टोपॅड यांनी खालचा-मधला आवाज आधीच भरलेला असतो, त्यात जाड आवाजाची गिटार बुडते. सिंगल कॉइलचा स्ट्रोक वर सुटा ऐकू येतो. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांची टेलिकास्टर ऐका, नाइल रॉजर्स यांची स्ट्रॅटोकास्टर ऐका, दोन्ही सिंगल कॉइलच. आणि तरंगत्या ट्रेमोलोवर एक तार तुटली की स्प्रिंगचा ताण बदलून उरलेल्या पाचही सुरातून जातात. चालू कार्यक्रमात काय करायचं पोराने?

मंडपवाला:
ट्रेमोलोचं पटलं, बाकी नाही. गणपतीत मंडपातल्या लायनीवर वाजवून बघा की! अर्थिंग नावाला, शेजारी लायटिंगचे डिमर. निवेदक बोलायला लागला की तुमची सिंगल कॉइल ५० हर्ट्झची घूं घूं करत बसते. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी हमबकर काढला तो याच त्रासावर, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. दोन कॉइल उलट जोडल्या की गुणगुण एकमेकींत मरते, तारेचा आवाज राहतो. जाड वाटला तर गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा, ॲम्पचा गेन उतरवा. एसी/डीसी या रॉक बँडचे माल्कम यंग आयुष्यभर रिदमच वाजवत राहिले. ग्रेच गिटारवर ब्रिजजवळचा एकच पिकअप ठेवला होता, तोही हमबकर!

सातरस्ता:
माल्कम यंग यांच्याशेजारी कीबोर्ड नव्हता, दादा. आणि स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर पिकअप निवडायच्या खटक्याच्या २ आणि ४ नंबरला (दोन पिकअप एकत्र) गुणगुण तशीच कटते, आवाजही पातळच राहतो.

पार्कचौकातली:
पिकअपवर भांडताय, पण तारा आणि सेटअपचं (तारांची उंची, नेक वगैरे जुळवून घेणं) कोणीच बोलत नाही. नव्या गिटारला बहुतेक वेळा ९ चा सेट (सर्वांत पातळ तार ०.००९ इंच) असतो. जोरात स्ट्रोक मारला की तार ताणून सूर वर चढतो. रिदमला त्याहून जाड १० चा लावा. आणि दुकानात ट्यूनर लावून आधी मोकळा ई वाजवायचा, मग पहिल्या फ्रेटवर हलक्या हाताने एफ. ई बरोबर आणि एफ चढा आला तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा उथळ आहेत, कितीही भारी पिकअप असला तरी कॉर्ड बेसूरच लागणार. आपल्याकडचा मे कोरडा, पारा चाळिशीपार. लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, नेकही हलते. सेटअपचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

मंडपवाला:
ताई, १० चा सेट मान्य. गिब्सन पद्धतीची स्केल (तारेची वाजती लांबी) टेलिकास्टरपेक्षा पाऊण इंचाने आखूड असते, त्यामुळे १० चा सेट तिच्यावर मऊ लागतो. रात्रभर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरायचे आहेत त्या पोराला. हमबकरच घ्या.

सातरस्ता:
एफची तपासणी करूनच घेऊ, सेटअपचे पैसेही धरतो. पण दादा, तुमच्या मंडपातच दोन्ही गिटार लावून बघू. कीबोर्डवाल्याला जोरात वाजवायला सांगा.