विक्रम लँडरचं १:२० मॉडेल: सोनेरी आवरण कसं जमवायचं?

चांद्रवेडा_सातारा
नमस्कार मंडळी, चांद्रयान-३ चा विक्रम लँडर बनवतोय, १:२० स्केल. किट वगैरे काही नाही, सगळं हातानंच, बॉडीला सनबोर्ड, वरून बाद झालेली एटीएम कार्डं कापून. खरा २ मीटर बाय २ मीटर आहे म्हणजे माझा १० सेंटीमीटर, शोकेसमध्ये बरोब्बर बसतो, आणि ९१.७ सेंटीमीटरचा प्रज्ञान रोव्हर साडेचार सेंटीमीटरचा. सांगाडा उभा राहिलाय पण बाहेरच्या सोनेरी आवरणावर गाडी अडलीय. चॉकलेटचा सोनेरी कागद चिकटवून बघितला तर लँडर कमी आणि बर्थडे गिफ्ट जास्त वाटतंय, बायको म्हणाली रिबीन बांधायची राहिली. काय वापरू? अजून एक, नेटवर काही ड्रॉइंगमध्ये खाली इंजिनाची ४ नॉझल दिसतात काहींमध्ये ५, खरं काय? आणि बेसवर इंजिनच्या झोताचा खड्डा दाखवायचा का? एअरब्रश नाहीये, बजेटही बेताचंच आहे.

पत्रा_पट्टी_पक्कड
नॉझल ४ च. ५ वालं चांद्रयान-२ चं ड्रॉइंग असणार, त्या विक्रमला मधोमध पाचवं इंजिन होतं, ३ मध्ये ते काढलं आणि ८०० न्यूटनची चारच ठेवली. लोक सर्रास जुनी चित्रं ३ च्या नावानं टाकतात, त्यामुळे कुठलाही फोटो घेतलास की आधी पोट बघ, मग बाकीचं.

आता फॉइल. खऱ्या यानावर सोनेरी रंग नसतोच मुळात. बाहेरचा थर कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिक फिल्मचा, ती फिल्म स्वतःच मधासारखी पिवळट आणि आरपार दिसणारी, तिच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनियमचा मुलामा असतो म्हणून लांबून सोनं वाटतं. तूही तेच कर, आत चंदेरी आणि वर पिवळट. किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल घे, आणि मोबाईल रिपेअरवाले वापरतात ती कॅप्टॉन टेप, पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल, रुंदवाली माग. फॉइल हलक्या हातानं चुरगाळ, उघड, बोटानं दाब, परत चुरगाळ, आणि मगच टेप लाव.

चॉकलेटचा कागद फसतो तो सुरकुत्यांमुळे. तुझ्या स्केलला १ मिलीमीटरची सुरकुती म्हणजे खऱ्यावर २ सेंटीमीटर, आणि त्या कागदाच्या घड्या ४-५ मिलीमीटरच्या पडतात, मग खोटं दिसणारच ना. आणि अख्ख्या बॉडीला एकच तुकडा गुंडाळू नकोस प्लीज, खरं आवरण शिवलेल्या तुकड्यांचं असतं, प्रत्येक भाग वेगळा काप आणि जोडावर टेपची १ मिलीमीटरची पट्टी मार. त्या पट्ट्या दिसल्या की मॉडेल एकदम जिवंत होतं.

रंगाचा_डबा
टेपबद्दल माझं मत वेगळं आहे भाऊ. टेप लावली की बारीक सुरकुत्या पुन्हा सपाट होतात आणि वर प्लास्टिकची चकाकी येते ती वेगळीच. शिवाय तिच्यावर नंतर रंग धरत नाही, कुठे थोडं डल करायचं म्हटलं तर बोंब. त्यापेक्षा फॉइलवर तामिया कंपनीचा क्लिअर यलो एक्स-२४ आणि त्यात अगदी थेंबभर क्लिअर ऑरेंज एक्स-२६, मऊ ब्रशनं पातळ हात, एअरब्रश नसला तरी चालतंय कारण सुरकुत्यांमध्ये ब्रशचे फराटे लपतात. महाग वाटलं तर स्टेशनरीतला ग्लास पेंट पण चालेल, फक्त तो दाट असतो आणि खाचांत साचतो. फेविक्विक मात्र फॉइलच्या जवळ सुद्धा आणू नका, पांढरी वाफ बसते आणि मग ती निघत नाही, पाणी घातलेलं फेव्हिकॉल बास झालं.

पत्रा_पट्टी_पक्कड
टेप ताणून लावली तर सपाट होणारच हो! आधी टेपलाच फॉइल चिकटवायची आणि मग दोन्ही मिळून चुरगाळायचं, ट्राय करा आणि मग बोला.

रेगोलिथ_ताई
तुम्ही दोघं फॉइलवरच भांडत बसलात, त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी ना, मॉडेल कुठल्या दिवसाचं आहे? २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, २४ ला प्रज्ञान रॅम्पवरून खाली आला, २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. ३ तारखेला विक्रमनं ती ४० सेंटीमीटरची उडी मारली आणि त्यासाठी रॅम्प, चास्टे (मातीचं तापमान मोजणारं), इल्सा (कंपनं मोजणारं) सगळं मिटून घेतलं होतं. म्हणजे रॅम्प उघडा आणि रोव्हर फिरतोय असं दाखवायचं असेल तर उपकरणंही उघडलेली हवीत. ३० ऑगस्टला प्रज्ञाननं काढलेला विक्रमचा फोटो आहे बघ, कृष्णधवल आहे पण चास्टे आणि इल्सा दोन्ही स्पष्ट दिसतात, तोच समोर ठेव.

बारीकसारीक गोष्टी या स्केलला मस्त जमतात. रंभा या प्लाझ्मा मोजणाऱ्या उपकरणाचा प्रोब म्हणजे १ मीटरच्या दांडीवर ५ सेंटीमीटरचा गोळा, तुझ्याकडे ५ सेंटीमीटरची तार आणि अडीच मिलीमीटरचा मणी, झालं. वरचा नासाचा लेझर परावर्तक पण साधारण अडीच मिलीमीटरचाच होतो, गोल डोक्याची टाचणी कापून लाव, मात्र त्यात आठ प्रिझम असतात ते कोरायच्या नादाला लागू नकोस, डोळे जातील.

खड्डा नको. इस्रोच्या अभ्यासात इंजिनांच्या झोतानं सुमारे २.०६ टन माती साधारण १०८ चौरस मीटरवर उडाली असं आलंय, खड्ड्याऐवजी सभोवती उजळ वलय पडलं. ते वलय तुझ्या स्केलला जवळपास ५८ सेंटीमीटर व्यासाचं होतं, म्हणजे तुझा अख्खा बेस त्याच्या आतच. रिंग रंगवायचा प्रश्नच मिटला. मातीसाठी सिमेंट मैद्याच्या चाळणीनं चाळून घे, वाळू नको, वाळूचा एक कण तुझ्याकडे चांगला धोंडा होतो.

चांद्रवेडा_सातारा
बाप रे ताई, तारखेचा विचारच डोक्यात आला नव्हता! २५-२६ ऑगस्टच्या आसपासचं करतो, रोव्हर थोडा लांब. फॉइलचे दोन तुकडे दोन्ही पद्धतीनं करून इथे फोटो टाकतो, भांडण तिथेच मिटवा. प्रज्ञानच्या मागच्या चाकांवरचं इस्रोचं बोधचिन्ह आणि राजमुद्रा करायची का? चाकं जेमतेम नखाएवढी आहेत.

रेगोलिथ_ताई
चाकावर नुसत्या पुसट खाचा दे, पुरे. चंद्रावर सुद्धा ते ठसे नीट उमटले नव्हते, माती ढेकळाढेकळाची निघाली. आणि फोटो काढशील तेव्हा ट्यूबलाइट बंद कर, एकच दिवा, एका बाजूनं आणि बेसच्या थोडाच वर. ६९ अंश दक्षिणेला सूर्य २०-२२ अंशांच्या वर चढतच नाही, सावल्या लांबच पडायला हव्यात.