अनुभव धागा: बेस अ‍ॅम्प बदलायचा, की आहे त्यातच भागवायचं?

मंडळी, नवरात्र जवळ आलं की बडोद्यात हा प्रश्न हमखास निघतो. घरात बेस गिटारसाठी १५ नाहीतर २५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) असतो. ढोल, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू झाले की बेस गायब. अशा वेळी नवा अ‍ॅम्प घ्यावा का? घ्यायचा तर पैसे कशावर घालावेत? आणि न घेता काय सुधारता येईल? जाणकारांनी लिहावं. "अमुक ब्रँड भारी" एवढंच नको, काय तपासायचं आणि कसं, ते हवं.

खर्जवाला
वॅटच्या आकड्यावर भुलू नका. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे २५चा विकून ५०चा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. उडी मारायचीच तर १००च्या पुढे मारा.

खरा मुद्दा स्पीकर किती हवा ढकलतो हा. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची ३१ची. तेवढाच आवाज काढायला त्या पाचव्या तारेसाठी कोनला (स्पीकरच्या पडद्याला) जवळपास पावणेदोन पट पुढे-मागे हलावं लागतं. ८ इंची कोनची धाव तिथेच संपते आणि सुराऐवजी फटफट ऐकू येते. १२ इंची स्पीकरचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट, दोन १० इंचींचं मिळून तिपटीहून जास्त. माहितीपत्रकात संवेदनशीलता (एका वॅटला किती आवाज) बघा: ९७ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात.

उदाहरणादाखल, फेंडर रंबल १००मध्ये १२ इंची स्पीकर आणि एक्सएलआर लाइन आउट (थेट मिक्सरला जोडायचा जॅक) आहे, वजन १० किलोच्या आसपास. रंबल २५मध्ये स्पीकर ८ इंची आणि लाइन आउट नाही. दोन्हींच्या मधला पर्याय रंबल ४०: १० इंची, लाइन आउटसह.

मधलीपट्टी
खर्जवाला, अर्धा सहमत. निम्म्या लोकांना अ‍ॅम्प नको, नॉब फिरवायला हवेत. घरी एकट्याने वाजवताना बेसचा नॉब पुढे छान वाटतो. तोच बँडमध्ये घात करतो. खर्जाच्या पट्टीत ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती जाते, अ‍ॅम्पचा आवाज लवकर फाटतो, आणि तिथे आधीच ढोल बसलेला असतो. बेसचा नॉब सरळ मध्यावर आणा, २००-२५० हर्ट्झ थोडे कापा, ४०० ते ८०० उचला. एकट्याने ऐकलं तर आवाज नाकातला वाटेल. वाटू दे.

सोल्डरवाला
नवा घेण्याआधी जुना आजारी तर नाही ना, ते बघा.

आवाज मधूनच जातो किंवा दबतो आणि मागे सेंड-रिटर्न जॅक (बाहेरचे इफेक्ट जोडायचे) आहेत? एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज पूर्ववत झाला तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या स्विचचा. पावसाळ्याच्या दमटपणाने त्याचे संपर्क काळे पडतात. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नॉब खरखरत असतील तर उपाय तोच. दाराच्या बिजागरीला घालतो ते तेल इथे नको.

स्पीकर: बोटं पसरून कोन चारही बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. स्पीकरच्या वायरी सोडवून मल्टीमीटर लावल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४चा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

खडखड बहुतेक वेळा स्पीकरची नसतेच. हँडल, कोपरे, जाळी, पाय यांचे स्क्रू आवळा. स्पीकरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे. एकच बाजू ताणली तर फ्रेम वाकते. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आधी बदला. तिचाच दोष असून अ‍ॅम्पवर खापर फुटतं. जुन्या, मंद पडलेल्या तारांचंही तेच.

मैदानावरचा
गरब्यासाठी मोठा अ‍ॅम्प घेऊ नका. उघड्या मैदानात भिंती नाहीत, त्यामुळे खोलीत दणका देणारा अ‍ॅम्प तिथे पातळ वाटतो. तो कितीही मोठा घेतलात तरी शेवटच्या रिंगणापर्यंत बेस नेणार आहे ती पीए, म्हणजे मैदानावरची मुख्य ध्वनियंत्रणाच. तुमचा अ‍ॅम्प फक्त तुमच्या कानांसाठी. त्याला पुढची बाजू वर करून तिरपा ठेवा, म्हणजे आवाज पोटऱ्यांऐवजी कानाकडे येईल.

पैसे डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला पोचवणारी डबी) घाला. पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) पिकअपच्या बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय बरा. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (त्याच केबलमधून येणारी वीज) किंवा बॅटरी लागते. जनरेटरवर घूं आली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नलची अर्थिंग तोडणारं बटण) दाबा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंग पिन कधीही काढू नका, शॉक जिवावर बेततो.

माडीकर
दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत लाकडी माडीवर वाजवत असाल तर अ‍ॅम्प खुर्चीवर नाहीतर जाड फोमवर ठेवा, कोपऱ्यापासून लांब. कोपरा खर्ज फुगवतो आणि जमीन तो खालच्या बिऱ्हाडाला पोचवते. घरच्या रियाजाला १५ वॅट भरपूर.

ओहम
जास्तीचं कॅबिनेट (वेगळी स्पीकरपेटी) जोडणाऱ्यांसाठी: ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४ ओहम. अ‍ॅम्पवर "किमान ४" लिहिलं असेल तर तिथेच थांबा, त्याखाली तो तापतो. तसंच दुसरं कॅबिनेट जोडलं की कमाल ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. केबल स्पीकरचीच हवी; गिटारची बारीक केबल गरम होते. आणि बऱ्याच छोट्या कॉम्बोंना बाहेरच्या स्पीकरची सोयच नसते, मागे बघून घ्या.

सोल्डरवाला
जुना घेणार असाल तर आणखी एक. हलके, नव्या पद्धतीचे क्लास-डी अ‍ॅम्प उचलायला सुखाचे, पण बोर्ड जळला तर बहुधा अख्खा बदलावा लागतो. जुन्या पद्धतीचा जड अ‍ॅम्प गल्लीतला कारागीरही सुट्या ट्रान्झिस्टरवर उभा करतो. निदान अर्धा तास मोठ्याने वाजवून मगच पैसे द्या. काही दोष तापल्यावरच दिसतात.

चुलतभाऊ
अमेरिकेहून नातेवाइकाबरोबर मागवला तर चालेल का? तिथे स्वस्त पडतो.

सोल्डरवाला
मागची पाटी वाचल्याशिवाय नको. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३०वर लावताक्षणी जळेल. व्होल्टेजचा स्विच असेल तर आधी तो फिरवा आणि फ्यूज पाटीवर लिहिलेल्या आकड्याचा घाला. नसेल तर स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर: अ‍ॅम्प ३०० वॅट ओढत असेल तर ५०० व्हीएचा. त्याची किंमत आणि ओझं धरून हिशोब करा.