समलिंगी हक्कांचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांना मानधन द्यावं का?

केळीबाग (रावेर तालुका)
जळगाव-भुसावळ भागात समलिंगी मुलामुलींसाठी एक छोटा गट आहे. चालवणारे दोघं-तिघं. एक जण खासगी नोकरीत, दुसरा शिकवण्या घेतो. चोपड्याकडच्या पोराला घरच्यांनी कोंडून ठेवलं की एसटीने हेच जाणार, अमळनेरच्या मुलीचं लग्न बळजबरीने ठरलं की तिच्या आईवडिलांसमोर हेच बसणार. पेट्रोल स्वतःचं, रजा स्वतःची.

माझं म्हणणं सरळ आहे, या माणसांना दरमहा मानधन मिळालं पाहिजे. एचआयव्ही रोखण्याच्या सरकारी टीआय प्रकल्पात पीअर एज्युकेटरला, म्हणजे आपल्यातल्याच लोकांना माहिती देणाऱ्या कार्यकर्त्याला, मानधन असतं. म्हणजे तब्येतीच्या कामाला सरकारी पैसा आहे, पण घराबाहेर काढलेल्या पोराला रात्री कुठे ठेवायचं, त्याला नाही. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टात लग्नाचा हक्क मात्र नाकारला गेला. त्यामुळे घरच्यांनी मुलाला उचलून नेलं तर त्याच्या जोडीदाराला पोलीस ठाण्यात कोणी नातेवाईक धरत नाही. तिथे सोबत उभं राहायला गटाचाच माणूस लागतो.

आणि फुकट काम परवडतं कुणाला? ज्याच्या घरी बागायत आहे त्याला. मजुराचं पोर नेतृत्वात कधी येणारच नाही.

तापीकाठ
विरोध. मनापासून विरोध.

आज आपला कार्यकर्ता आईबापाला सांगू शकतो, "काका, मी माझ्या खर्चाने आलोय." त्या एका वाक्यावर दार उघडतं. पगारी माणूस म्हटला की गावभर होईल, पैसे घेऊन पोरं फोडतात.

दुसरं म्हणजे नोंदणी. मानधनाला देणग्या हव्यात, देणग्यांना संस्थेचं खातं हवं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान ७ सभासद लागतात आणि कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय लिहून द्यावे लागतात. कलम १९ प्रमाणे ते कागद कोणीही शुल्क भरून बघू शकतो. आपल्याकडे नुसतं आडनाव सांगितलं तरी समोरचा मामाचं गाव काढतो. सात जण आणणार कुठून?

भुसावळ जंक्शन
सात कशाला भो? ट्रस्ट केला तर दोन-तीन विश्वस्तांत भागतं. आणि ते समलिंगीच असावेत असं कायद्यात कुठे आहे? निवृत्त शिक्षक, एखादा वकील, एखाद्या पोराची आई. अशी माणसं आहेत आपल्याकडे, जाऊन विचारायला हवं.

नाव लावून उभं राहिलेली माणसंही याच जिल्ह्यात आहेत. भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवरचा अर्ज तृतीयपंथी म्हणून बाद केला होता. त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये निकाल बाजूने आला आणि त्या निवडूनही आल्या.

पांझराकाठची (धुळे)
अंजलीताईंची जिद्द मोठीच आहे. पण त्या आधीपासून उघड जगत होत्या. जो आईवडिलांच्या घरात राहून लपवतोय त्याला "त्यांना जमलं, तुला का नाही" म्हणू नका.

विश्वस्त मंडळावर सगळी बाहेरची भली माणसं बसवायची, हेही मला मान्य नाही. घरात आमचे निर्णय थोरांनी घेतले, आता गटातही थोरच घेणार?

आणि वर सगळे "कार्यकर्ता, कार्यकर्ता" म्हणताय. बाई कुठे आहे? मुलींचे मोबाइल भाऊ तपासतात. मुलगी मदतीसाठी गटाला फोन करते तेव्हा तिला पलीकडे बाईचा आवाज हवा असतो. पण रात्रीबेरात्री फुकट काम करायला कोणत्या मुलीला घरचे सोडतील? "संस्थेत नोकरी आहे, पगार आहे" असं सांगता आलं तरच तिला उंबरा ओलांडता येतो. केळीबाग, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मानधनाची गरज सगळ्यात जास्त कुणाला, ते तुम्ही लिहिलंच नाही.

पुण्यातला खानदेशी
आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्था मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, पुण्यात समपथिक २००२ पासून. शहरांत आधार आहे, मागे गावीच काही नाही. आम्ही इकडे कमावणारे दरमहा वर्गणी काढू शकतो.

तापीकाठ
पुणेकर भाऊ, वर्गणीचं स्वागत आहे. पण काम कसं करायचं हे तिकडून ठरणार असेल तर पैसे नकोत. शिंदखेड्याच्या बापाशी कसं बोलायचं ते इथल्याच माणसाला कळतं.

पांझराकाठच्या ताईंचा मुद्दा मी वाचला. मुलींच्या बाबतीत माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तरीही प्रकल्पाच्या पैशाची भीती आहेच. निधी संपला की फोन बंद. आणि फोन बंद झाला तर ज्या पोराला तोच एक नंबर पाठ आहे, त्याने करायचं काय? म्हणून माझा प्रस्ताव असा: वर्गणीतून फक्त प्रवासखर्च आणि फोनचं बिल द्यायचं. हिशेब सगळ्यांना दाखवायचा.

केळीबाग
सुरुवात म्हणून चालेल. एसटीचं तिकीट तरी खिशातून जाणार नाही.

पांझराकाठची (धुळे)
मला नाही चालणार. प्रवासखर्च म्हणजे मानधन नव्हे. फोन घेणाऱ्या बाईसाठी महिन्याची ठरलेली रक्कम आधी बाजूला काढा. विश्वस्त म्हणून मी माझं नाव, पत्ता, सगळं लिहून द्यायला तयार आहे, पण त्यानंतरच.