बाहुलं? २०१९ पुरतं ठीक
कझाकस्तानचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव म्हणजे आधीचे राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नजरबायेव यांनी खुर्चीत बसवलेलं बाहुलं, हे तुमचं म्हणणं २०१९ पुरतं पटतं. आल्याआल्या राजधानी अस्तानाचं नाव नजरबायेवांवरून ‘नूर-सुलतान’ केलं, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण माणूस सोव्हिएत परराष्ट्र खात्यात मुरलेला. मॉस्कोत शिक्षण, मग सिंगापूर, पुढे १९९१ पर्यंत बीजिंगचा दूतावास, चिनी उत्तम येते (शेजारी चीन असताना ही काय साधी गोष्ट?). जानेवारी २०२२ च्या दंगलीत रशियाच्या पुढाकाराखालच्या फौजा बोलावल्या आणि जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला, पुतिन त्याच मंचावर असताना, युक्रेनमधल्या रशियाधार्जिण्या दोनेत्स्क-लुहान्स्कला स्वतंत्र देश म्हणून मान्यता देणार नाही म्हणून मोकळे! सप्टेंबरात राजधानीचं नाव पुन्हा अस्ताना. अर्थात, त्या दंगलीत इशारा न देता गोळ्या घालण्याचा हुकूमही त्यांचाच होता.