हुओ ग्वांगची स्वामिनिष्ठा: मला तरी पटत नाही

रानवारा

चिनी इतिहासात एकनिष्ठ कारभारी म्हटलं की हान काळातल्या हुओ ग्वांगचं नाव पुढे करतात. इ.स.पू. ८७ मध्ये सम्राट वू वारला आणि आठ वर्षांचा झाओ गादीवर आला. राजमाता पुढे डोईजड होऊ नये म्हणून पोराच्या आईला वूने आधीच संपवलं होतं. कारभार हुओकडे आला. इ.स.पू. ७४ मध्ये झाओ निपुत्रिक गेला, तेव्हा हुओनेच चांगयीचा राजपुत्र ल्यू हे याला आणून बसवलं आणि २७ दिवसांत उतरवलंही. आरोप किती, तर १,१२७! दिवसाला चाळीसच्या वर. बिचारा झोपत तरी होता का?

उतरवण्याचा हुकूम कोणाच्या नावाने? झाओच्या पंधराएक वर्षांच्या विधवेच्या. ती हुओच्या मुलीची मुलगी. आरोपपत्र वाचताना मध्येच ती "थांबा" म्हणून ल्यू हेला झापते, मग वाचन पुढे सुरू. तो म्हणतो, सात मंत्री तोंडावर बोलणारे असले तर राजा कसाही असो, राज्य जात नाही. हुओ म्हणतो, तुम्हाला पदच्युत केलंय, आता कसले सम्राट? आणि हात धरून राजमुद्रेची फीत सोडवून घेतो. ही स्वामिनिष्ठा?

जुनीपोथी

रानवारा, सोयीचं तेवढंच सांगताय. वूच्या युद्धांनी तिजोरी आणि रयत दोन्ही खंगली होती. हुओच्या काळात करांत सूट मिळाली. इ.स.पू. ८१ मध्ये साठेक विद्वानांना राजधानीत बोलावून मीठ-लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीवर मंत्र्यांशी समोरासमोर वाद घालू दिला, आणि दारूची मक्तेदारी उठली. हुकूमशहा असं करतो?

एका रात्री राजवाड्यात गोंधळ उडाला, हुओने मुद्रा सांभाळणाऱ्याकडे मुद्रा मागितली. तो तलवारीला हात घालून म्हणाला, डोकं घ्या, मुद्रा देणार नाही. दुसऱ्या दिवशी हुओने त्याला दोन पायऱ्या बढती दिली.

तिरकस

दारूच्या मक्तेदारीचं श्रेय द्या, पण त्या वादात कोंडीत सापडला तो सांग होंगयांग, हुओचा सहकारभारी. पुढच्याच वर्षी शांगग्वान ज्येबरोबर कटाच्या आरोपाखाली कुटुंबासकट साफ. ज्ये तर हुओचा व्याही! वूने हुओबरोबर कारभारी नेमलेल्यांपैकी जिन मिदी आधीच आजारपणात गेला होता. मग उरलं कोण?

जुनीपोथी

कट खरा होता हो. येनच्या राजाच्या नावाने आलेलं, हुओवर आरोप करणारं खोटं पत्र चौदा वर्षांच्या झाओनेच ओळखलं. हुओने सैन्याची पाहणी करून दहा दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात इतक्या दूरच्या राजाला ते कसं कळलं, असा त्याचा सवाल होता.

मावळतीकर

ल्यू हेची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेते. त्याची कबर २०११ मध्ये नानचांगजवळ सापडली. सोन्याचे ढीग, वीस लाखांच्या आसपास नाणी, आणि त्याबरोबर कन्फ्युशियसचं चित्र आणि बांबूपट्ट्यांवरचे ग्रंथ. निव्वळ उनाड, व्यसनी पोराच्या कबरीत हे कसं? माझ्या मते खरा गुन्हा वेगळाच. तो चांगयीहून आपली माणसं घेऊन आला आणि जागा भरायला लागला. त्यातली दोनशेहून जास्त माणसं मारली गेली. ती रस्त्यात ओरडत होती की वेळेवर निर्णय घेतला नाही, त्याची ही फळं. कसला निर्णय, ते सांगायला हवं का?

तिरकस

कबरीत ग्रंथ ठेवले म्हणजे वाचले होते असं नाही. आमच्याही कपाटात खूप आहेत.

जुनीपोथी

मावळतीकर, तुमच्याच वाक्यातून हुओचा बचाव निघतो. ते लोक हुओला मारायच्या बेतात होते.

रानवारा

म्हणजे दोन टोळ्यांची मारामारी, जिंकली ती निष्ठावंत! बरं, पुढचं पाहू. नवा सम्राट श्वान, वूचा पणतू, तान्हेपण तुरुंगात काढलेला. त्याची लाडकी बायको शू बाळंतीण असताना हुओच्या बायकोने वैद्यिणीकरवी तिला विष घातलं आणि स्वतःच्या मुलीला सम्राज्ञी केलं. हुओला नंतर कळलं. त्याने काय केलं? वैद्यिणीवरची चौकशी थांबवली.

जुनीपोथी

इथे बचाव नाही. ते पाप त्याचंच.

पण श्वान त्याच्याबद्दल काय म्हणतो ते बघा. इ.स.पू. ६८ मध्ये हुओ गेला, दोन वर्षांत श्वानने बंडाच्या आरोपावरून अख्खं घराणं कापून काढलं. तरी इ.स.पू. ५१ मध्ये थोर मंत्र्यांची अकरा चित्रं लावली, त्यात पहिलं हुओचं. बाकीच्यांची पूर्ण नावं, याचं फक्त पद आणि आडनाव, आदरापोटी.

मावळतीकर

आदर कसला! श्वानला गादीवर बसवलं कोणी? हुओने. हुओला राजद्रोही म्हटलं तर ल्यू हेची हकालपट्टी बेकायदा, मग श्वान कोण? हुओ रथात शेजारी बसला की पाठीत काटे टोचल्यासारखं वाटायचं असं ज्याच्याबद्दल लिहून ठेवलंय, त्याने चित्र लावलं ते स्वतःच्या गादीसाठी. आणि ही वाट पुढे सगळ्यांना सापडली. इ.स. १८९ मध्ये सेनापती दोंग झुओने बालसम्राटाला उतरवलं, तेव्हा दाखला हुओचाच दिला होता.